बांधावरची चौकशी

आपल्या पोराचं, पृथ्वीराजचं लग्न मोडून हनुमंताला काय मिळणार, याचा हिशेब सर्जेरावांनी पक्का करून ठेवला होता. कुणी विचारलं नव्हतं, पण उद्या विचारलं तर अडखळायला नको.

पोरगं बिनलग्नाचं राहिलं की त्याचं रानातलं मन उडणार. मन उडालं की ते सणसवाडीला कुठल्या तरी कंपनीत चिकटणार, खोली भाड्यानं घेऊन राहणार. मागं म्हातारा-म्हातारी किती दिवस उसाला पाणी धरणार? रान पडीक पडणार. पडीक रान हातचं जायला निघालं की पहिलं गिऱ्हाईक कोण? ज्याचा बांधाला बांध. आणि बांधाला बांध कुणाचा? हनुमंताचा. इतकी सरळ वाट सर्जेरावांना घरापासून तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारापर्यंतसुद्धा कधी सापडली नव्हती.

या वाटेवर सगळे चालणार होते, एकटा हनुमंत सोडून. त्यानं फक्त एक शब्द टाकायचा होता. सर्जेरावांना त्याची हुशारी नेमकी तिथं दिसायची. एका शब्दात रान मिळत असेल तर कोण सोडील? आपण सोडलं असतं का, हाही प्रश्न एकदा मनात आला होता, पण तो त्यांनी आला तसा बाहेर घालवला.

हनुमंत म्हणजे विहिरीपलीकडचा शेजारी. त्याचा बाप आण्णा पूर्वी मेंढरं घेऊन या शिवारात यायचा, सर्जेरावांच्या वडिलांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि दाणागोटा घेऊन पुढच्या गावाला जायचा. एका वर्षी तो पुढं गेलाच नाही. वडिलांनी त्याला विहिरीपलीकडचा तुकडा रीतसर खरेदी दिला, विहिरीत निम्मा वाटा दिला आणि आण्णानं मेंढरं कमी करत करत कांदा लावला. खरेदी झाली तेव्हा सर्जेराव शाळेत होते. तरी आजही त्यांच्या बोलण्यात तो तुकडा ‘आमचं पलीकडलं रान’ होता. हनुमंताचा कांदा त्यांच्यापेक्षा चांगला निघाला की ते म्हणायचे, मातीच तशी हाय, आमच्या वडलांनी राखल्याली.

पृथ्वीराजची तीन स्थळं आली आणि गेली होती. एक कवठे येमाईचं, एक शिरूरचं, एक भीमेपलीकडचं. साखरबाई, म्हणजे सर्जेरावांच्या मंडळी, यात काही कोडं नाही असं म्हणत. तिन्ही पोरींना नोकरीवाला नवरा हवा होता, तिघींच्या आयांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. पण तोंडावर सांगितलेलं कारण खरं असतं यावर सर्जेरावांचा विश्वास नव्हता. ते स्वतः कुठं सांगायचे खरं कारण?

मुलगी द्यायची तर मुलाची चौकशी करायची, हे सगळीकडं असतं. ती कुणाकडं करायची, याचं या भागात एक शास्त्र आहे. भावकीला विचारायचं नाही. भावकी एक तर आभाळाला टेकवते नाहीतर मातीत घालते. सोयऱ्याला विचारायचं नाही, तो मिंधा. विचारायचं बांधाच्या शेजाऱ्याला, आणि तो दुसऱ्या समाजाचा असला तर फारच उत्तम. त्याला त्या घरात मुलगी द्यायची नसते की तिथली आणायची नसते. पिऊन कोण येतं, सुनांना कोण घालून-पाडून बोलतं, उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती टिकतं, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. पाहुण्यांनी न सांगता यायचं, गाडी लांब लावायची, कांदा काय भाव चाललाय इथून सुरुवात करायची आणि मग सहज आठवल्यासारखं पोराचं नाव काढायचं. पृथ्वीराजच्या बाबतीत तो शेजारी म्हणजे हनुमंत. तिन्ही स्थळांचे लोक त्याच्या दारात बसून गेले होते, हे सर्जेरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नव्हतं, आणि तेवढीच गोष्ट त्यांना जेवू देत नव्हती.

कारण या कामात ते स्वतः मुरलेले. फाट्यावरच्या हॉटेलात भिंतीकडेच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली. आसपासच्या वस्त्यांवर कुणाचं जमत असलं की पाहुणे त्यांच्यापुढं येऊन बसायचे. सर्जेरावांनी कधी कुणाला वाईट म्हटलं नाही. “पोरगा चांगला हाय,” ते म्हणायचे. मग बशीत चहा ओतायचे, फुंकर घालायचे आणि बशी तोंडाजवळ नेता नेता म्हणायचे, “बाकी आपन कशाला बोलायचं.” पाहुणे एकमेकांकडं बघायचे आणि पुढचं आपल्या मनानं भरून घ्यायचे. यात पाप आहे असं त्यांना वाटत नसे. खोटं एक अक्षर नाही. उलट, एवढं राखून बोलणारा माणूस म्हणून पाहुणे जाताना हात जोडून जायचे.

चौथं स्थळ आलं पाटसचं, दौंडकडचं. मुलीचे वडील महेंद्र, मुलगी धनश्री. दौंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. बघायला गेले तेव्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं आणि खाली मोठी माणसं पोहे संपवून दुसरा चहा घेईपर्यंत ती दोघं खाली आलीच नाहीत. काय बोललात, असं साखरबाईंनी गाडीत विचारलं तर पृथ्वीराज म्हणाला, तिनं विचारलं की लग्नानंतर काम सोडावं लागंल का, मी म्हणालो भीमेच्या पुलावरनं स्कुटीनं जात जा. आणखी काय? तर म्हणे, तिनं माझी नखांतली माती बघितली आन् म्हणाली, ही धुतली तरी निघत न्हाई, आमच्या दादांच्या बी हाताला असती.

नोकरीवालाच पाहिजे, असं ही मुलगी म्हणाली नव्हती. घरी आल्यापासून पृथ्वीराज बुधवारीसुद्धा दाढी करायला लागला. ठिबकच्या नळ्या गोळा करताना शीळ घालायला लागला. त्याचं वय तिशीच्या पुढं सरकलं होतं आणि बरोबरीच्या पोरांची पोरं शाळेत जायला लागली होती. पाटसहून निरोप आला, पसंत आहे, आता आमचे दोघं एकदा तिकडं येऊन जातील. म्हणजे चौकशी. कधी, ते अर्थातच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी पृथ्वीराज बापाजवळ येऊन बसला. “आबा, एक काम करा. काय बी करू नका.”

सर्जेराव म्हणाले, मी काय करणार? आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्याबाला फोन लावला.

तात्याबा दौंडचा, कांद्याच्या दलालीतला जुना ओळखीचा माणूस. योजना सोपी होती. पाटसचे खरे पाहुणे येण्याआधी खोटे पाठवायचे. तात्याबानं मुलीचा चुलता व्हायचं, त्याचा भाचा इंद्रजीत यानं मामा व्हायचं, गाडी इंद्रजीतची न्यायची, म्हणजे नंबरही दौंडकडचा. दोघांनी हनुमंताच्या दारात बसायचं आणि तो काय बोलतो ते शब्दाला शब्द आणायचं. चोर रंगेहाथ सापडला की खरे पाहुणे यायच्या आत त्याचा बंदोबस्त करता येईल. तात्याबाला नाटकाची हौस होती. त्यानं कडक इस्त्रीचे कपडे घातले आणि कपाळाला गंधसुद्धा लावलं.

तो परत आला तेव्हा सर्जेराव फाट्यावर वाट बघत होते. हनुमंत काय म्हणाला? तात्याबा म्हणाला, पोराची लय तारीफ केली. निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, माझी मोटार बिघडली तर रात्री-अपरात्री धावून येतो म्हणाला. घर चांगलं आहे म्हणाला. वर चहा पाजला, पोतंभर कांदा गाडीत टाकत होता, आम्हीच नको म्हणालो.

“पण म्हणाला का?”

“कसला पण?”

“बोलता बोलता मधी थांबला का? काय बाकी हाय आसं काय बोलला का?”

तात्याबानं आठवून बघितलं. नाही, थांबला नाही. उलट मला वाटलं हा माणूस हसू दाबतोय, म्हणाला.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथं पेढे वाटले असते. सर्जेरावांना मात्र रात्रभर झोप आली नाही. हनुमंत इतकं चांगलं बोलला? फट न ठेवता? माणूस दुसऱ्याच्या पोराबद्दल इतकं चांगलं केव्हा बोलतो? त्याला कळलेलं असतं तेव्हा. म्हणजे त्यानं ओळखलं. म्हणजे तो आपल्यापेक्षा एक पाऊल पुढं आहे. वाईट बोलला असता तर चोर ठरला असता; चांगला बोलला म्हणून अट्टल चोर ठरला. या हिशेबात हनुमंताला सुटायला जागाच ठेवलेली नव्हती.

एवढं मात्र खरं की हनुमंतानं ओळखलं होतं.

दोन दिवसांनी विहिरीवर त्यानं स्वतःच विषय काढला. पाण्याची पाळी सर्जेरावांकडून त्याच्याकडं जायची होती आणि तो व्हॉल्व्ह फिरवायला वाकला होता.

“आबा, परवा आलं व्हतं ते दोघं तुमचंच व्हतं न्हवं?”

कोण दोघं, असं सर्जेरावांनी विचारलं. पांढऱ्या गाडीतले, पाटसचे म्हणून सांगत होते ते, असं हनुमंत म्हणाला. पाटसचे म्हणाले असतील तर पाटसचेच असतील, सर्जेरावांनी हात झटकले.

“तुमचा टायगर भुकला न्हाई त्यास्नी,” हनुमंत म्हणाला. “त्या इस्तरीवाल्याच्या पायात लोळत व्हता, बिस्कुट मागत. आन् दोघांतल्या एकानं बी विहिरीत डोकावून बघितलं न्हाई. पोरगी द्याया आल्याला मानूस आदी पानी बघतो, आबा. कुत्रं तरी बांधून ठिवायचं.”

तो हसत होता. घरून येताना तो ही गंमत बरोबर घेऊन आला होता. दोघांनी हसायचं आणि पाण्याबरोबर सोडून द्यायची, एवढाच त्याचा बेत. सर्जेराव त्या वेळी नुसते खाकरले असते तरी गोष्ट तिथं संपली असती. पण त्यांना समोर हसणारा माणूस दिसला, आणि आपल्याला कोण कशाला हसतं ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

“वळखलंस म्हणून ग्वाड बोललास,” ते म्हणाले. “न्हाईतर प्रगतीचा राग काढला आसतास. आजपत्तोर काढतच आलायस.”

हनुमंताचा हात व्हॉल्व्हवर तसाच राहिला.

“प्रगतीचा कसला राग?”

प्रगती हनुमंताची थोरली मुलगी. सर्जेरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं राग नव्हता, कावा नव्हता. खरंच काही माहीत नसलेल्या माणसाचं तोंड होतं ते. अजून वेळ होती. सर्जेरावांना विषय बदलता आला असता, मोटार बिघडली म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर ज्यानं लोकांच्या तोंडाखाली दुसरं तोंड शोधलं, त्याला हेही सोंगच वाटलं.

“येड पांघरून पेडगावला जाऊ नगं, हनमा. फाट्यावर मला इचारलं व्हतं तिच्या घोडनदीच्या पावण्यांनी. मी काय वंगाळ बोललो न्हाई.”

“काय बोललावता?”

“पोरगी गुनाची हाय म्हणालो.”

“आन्?”

“आन् काय? बाकी आपन कशाला बोलायचं, येवढंच.”

हनुमंत खाली बसला. पाटाच्या कडेला बसून त्यानं हात धुतले, स्वच्छ होते तरी धुतले. प्रगतीचं ते स्थळ घोडनदीच्या बाजूचं होतं. मुलगा शिकलेला, माणसं पसंतीची, साखरपुड्याची तारीख ठरायची तेवढी बाकी होती. एक दिवस निरोप आला की आमचा विचार नाही. कारण कळलं नाही. मग गावानं कारणं पुरवली. कुणी म्हणालं पत्रिका कडक आहे, कुणी म्हणालं पोरीचं कॉलेजात काहीतरी असेल. त्यानंतर येणारी स्थळं पायरी पायरीनं खाली आली आणि शेवटी प्रगतीला दौंडला बिजवराला दिली. तिथं आता तिचं बरं चाललं आहे, म्हणजे ती तसं सांगते.

“म्हाळसानं पोरीच्या लग्नासाठी आईतवार धरलं, आबा,” हनुमंत म्हणाला. म्हाळसा त्याची बायको, आईतवार म्हणजे रविवारचे उपास. “अजून सोडल्यालं न्हाईत. म्हणती, आपल्यातच कायतरी खोट आसंल.”

त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. पाणी त्याच्या रानात गेलं आणि त्याच्यामागं तोही.

हे घरी सांगावं लागलंच. साखरबाईंनी ऐकून घेतलं, तवा खाली उतरवला आणि नवऱ्याला सांगितलं की आत्ता उठा, त्याच्या दारात जा, म्हाळसाच्या समोर चूक झाली म्हणा. पाटसची माणसं आज येतील, उद्या येतील; त्यांच्या आधी जा. लग्न पोराचं आहे, मान तुमचा आहे, कुठलं मोठं ते बघा.

सर्जेरावांनी बघितलं. गेलं तर कबूल केल्यासारखं होतं. कबूल केलं तर हनुमंताला राग काढायला हक्काचं कारण मिळत होतं. नाही गेलं तर त्याच्याकडं नुसता संशय, पुरावा नाही. पुरावा आपण स्वतःच्या तोंडानं विहिरीवर देऊन आलो आहोत, ही रक्कम त्यांनी मांडलीच नाही. ते गेले नाहीत. उलट, आता तर तो बोलणारच, अशी त्यांची खात्री झाली आणि ती खात्री झाल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. नुसत्या संशयानं माणूस झिजतो. खात्रीवर निदान जेवण तरी जातं.

पृथ्वीराजनं आईकडून सगळं ऐकलं. तो बापावर ओरडला नाही. “आबा, पावणं येऊन जाईपत्तोर तुमी घरातनं भायेर पडू नका,” एवढंच बोलला आणि पाळी नसतानाही रानात निघून गेला.

पाटसचे लोक आले ते भर दुपारी. सर्जेराव घरातच होते, पण खिडकीत होते. दौंडकडच्या नंबरची गाडी वळणावर लांब थांबली, दोघं उतरले, पायी विहिरीकडं आले. एक जाड, मिशीवाला. तो मुलीचा चुलता. दुसरा सडपातळ, चष्म्याचा, तो मामा. दोघांनी आधी विहिरीत डोकावून बघितलं. म्हणजे खरे. पलीकडं हनुमंत आपल्या कांद्याच्या चाळीसमोर नासका कांदा निवडत बसला होता. पाहुणे तिकडं वळले आणि सर्जेरावांना घरात थांबवेना.

चाळ म्हणजे कांदा साठवायचं लांबट छप्पर. वारा खेळावा म्हणून भिंतींना पट्ट्या-पट्ट्या, मधे फटी. पुढं उभं राहून बोललेलं मागं जसंच्या तसं ऐकू येतं. सर्जेरावांनी चपला काढून हातात घेतल्या आणि उसाच्या कडेकडेनं चाळीच्या मागं जाऊन उभे राहिले. नासक्या कांद्याचा वास नाकात बसत होता. टायगर मागोमाग आला होता. त्याला हाकलावं तर आवाज होईल. तो कोपऱ्यावर बसला.

पुढं पाणी झालं, कांद्याचा भाव झाला. विहिरीला पाणी कुठवर टिकतं, असं मिशीवाल्यानं विचारलं. हनुमंतानं खरं ते सांगितलं, की कालव्याचं आवर्तन आलं तर टिकतं, नाहीतर उन्हाळ्यात ओढ बसते. मग पोराचा विषय निघाला. सर्जेरावांनी कान फटीला लावला.

“पोराला नाव ठिवायला जागा न्हाई,” हनुमंत म्हणाला. “आमच्यातला आसता तर माजी पोरगी त्याला दिली आसती, कुनाला न इचारता.”

सर्जेराव ‘पण’ची वाट बघत राहिले. आला नाही. पितो का? नाही. कुणाचं देणं, भांडण, कोर्ट? काही नाही. सासू कशी आहे?

“वैनी तोंडाच्या फटकळ हायेत. पोटात काय ठेवत न्हाईत. त्या घरात पोरगी उपाशी ऱ्हानार न्हाई.”

“आन् वडील?” चष्म्याच्या मामानं विचारलं.

हनुमंत गप्प झाला. एक कांदा टोपलीत पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. ती जागा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. बशी तोंडाजवळ न्यायची जागा. आता तो बोलणार. आता तेच वाक्य येणार, त्यांचंच वाक्य, त्यांच्यावरच उलटून येणार. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना पोराचं लग्न आठवत नव्हतं. त्यांना ते वाक्य हवं होतं. ते आलं की इतक्या दिवसांचा हिशेब जुळणार होता. ते आणखी पुढं वाकले, लाकडाची पट्टी करकरली, आणि मालक आपल्याशी बोलला असं समजून टायगर आनंदानं शेपटी हलवायला लागला. कोपऱ्यावर पत्र्याचा डबा पडलेला होता. शेपटी त्याच्यावर वाजत राहिली.

“वडलांचं मी कशाला सांगू?” हनुमंताचा आवाज आला, अगदी साधा. “ते हितंच हायेत. आबा, या की म्होरं. पावणं तुमचंच इचारत्यात.”

पळायला ऊस होता, पण पाहुणे कोपऱ्यावर आले होते. त्यांनी जे बघितलं ते असं: साठीचा, टोपी घातलेला, होणारा सासरा, हातात चपला, खांद्यावर कांद्याची सालपटं, गालावर फटीच्या पट्टीचा वळ. शेजारी कुत्रं.

“कांदा बगत व्हतो,” सर्जेराव म्हणाले.

कुणाचा, असं कुणी विचारलं नाही. हनुमंतानं घरातून खुर्ची आणली, त्यांच्यासाठी टेकवली, म्हाळसाला चौथा चहा टाकायला सांगितला. त्याच्या वागण्यात कुठं कमी-जास्त नव्हतं. पाहुण्यांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, कळवतो म्हणाले आणि गाडीकडं गेले. जाताना मामानं एकदा वळून चाळीच्या फटींकडं बघितलं.

निरोप महेंद्रांनी पृथ्वीराजलाच फोनवर दिला. सरळ माणूस, म्हणून कारणही सांगितलं. मुलगा आम्हाला आवडला होता, तुमच्या शेजाऱ्यानंही चांगलंच सांगितलं. पण पोरीचा मामा म्हणतो, जिथं सासरा चाळीमागं उभा राहून ऐकतो, तिथं आपल्या पोरीनं आईला फोन करायचा तर कुठं जाऊन करायचा? धनश्रीचा एक मेसेजही आला होता. तो पृथ्वीराजनं कुणाला दाखवला नाही.

उसाची तोड झाल्यावर पृथ्वीराज सणसवाडीला गेला. एका गोदामात कामाला लागला, बिहारच्या दोन पोरांबरोबर खोलीत राहायला लागला. सुट्टीला येतो, आईशी बोलतो, बापाला पाण्याचं विचारतो आणि निघतो. जाण्याआधी त्यानं एक काम केलं. विहिरीवर जाऊन हनुमंताला विचारलं, आमचं रान वाट्यानं करता का? हनुमंतानं आधी नको म्हटलं. पोरानं दुसऱ्यांदा विचारल्यावर मान हलवली.

सर्जेरावांना हे कळलं तेव्हा ते बाकावरून जवळजवळ उठलेच. बघा, ते हॉटेलातल्या लोकांना म्हणाले, मी आधीपासून म्हणत होतो का नव्हतो? पोरगं जाईल, रान बांधाच्या शेजाऱ्याकडं जाईल. पायरीला पायरी जुळली. लोकांनी मान डोलावली. त्यांच्याकडं आता चौकशीला फारसं कुणी येत नाही. पाटसच्या पाहुण्यांची गोष्ट पुलाच्या दोन्ही अंगांना पोचली आहे. तरी बशी ते तशीच तोंडाजवळ थांबवतात.

आता शेवटची बेरीज. हनुमंताच्या पदरात राबायला दुप्पट रान आलं, आणि पिढीजात शेजार गेला. तो आणि सर्जेराव वाट्याचा हिशेबसुद्धा आता साखरबाईंच्या तोंडून करतात. म्हाळसानं आईतवार सोडले, खोट आपल्यात नव्हती हे तिला उशिरा का होईना कळलं. पण मधल्या वर्षांचे उपास कुणी परत करत नाही. प्रगतीनं आपल्या वाटची किंमत कधीच भरून टाकली होती, ती कुणाच्या शब्दाची ते न समजता. धनश्रीचं अजून जमलेलं नाही असं ऐकतो. साखरबाई तिघांच्या भाकरी थापतात आणि एक रोज टायगरला घालतात. पृथ्वीराज तर नखांतली माती निघून गेलेल्या हातांनी गोदामातल्या दर पाळीला ती किंमत भरतोच आहे.

सर्जेराव मात्र सांगतात की या सगळ्यात नुकसान झालं ते एकट्या त्यांचं.